'आम्ही उंदीर नाही' एवढ्यावर भागणार नाही

क्लिनिकल ट्रायल हा शब्द आपल्या एखाद्या गटात आला की पाच मिनिटांत उत्तर ठरलेले असते. आमच्या लोकांवर प्रयोग करतात, आम्ही काय प्रयोगशाळेतले उंदीर आहोत काय, सही करू नका. मग दोनचार संतप्त प्रतिक्रिया, एकदोन निळे झेंडे, आणि विषय संपतो. मला या उत्तराचा राग येत नाही. त्यामागे इतिहास आहे, तो खराही आहे आणि त्याकडे मी येणार आहे. पण भंडारा जिल्ह्यात गावोगाव बायांमध्ये काम करताना हे उत्तर मला अपुरे वाटू लागले आहे. कारण ज्या बाईला प्रश्न पडलेला असतो, तिच्या पायाचे दुखणे या उत्तराने तसूभरही कमी होत नाही.

आणि या वेळी प्रश्न खरोखर पायांचाच आहे. व्हेरिकोज व्हेन्स. आपल्याकडे 'नसा फुगल्या' म्हणतात. पायातले रक्त वर हृदयाकडे नेणाऱ्या शिरांमध्ये छोट्या झडपा असतात. त्या सैल पडल्या की रक्त खाली साचते, शिरा फुगतात, पोटरीवर निळ्या दोऱ्यांचा गुंता दिसू लागतो. संध्याकाळी पाय जड होतात, रात्री पेटके येतात. पुढे घोट्याजवळची कातडी काळी पडते, खाज सुटते, आणि एक दिवस साधे खरचटते ते महिनोन् महिने भरत नाही. घराण्यात असणे, वारंवार बाळंतपण, वय, वजन ही कारणे आहेतच. पण तासन् तास उभे राहून करायचे काम हेही आहे. आता तासन् तास उभे कोण असते ते बघा. राईस मिलमध्ये, पितळी भांड्यांच्या कारखान्यात, नागपूरच्या मॉलच्या दारात सुरक्षारक्षकाच्या गणवेशात, शाळेच्या पोषण आहाराच्या चुलीपुढे. आणि आषाढ-श्रावणात रोवणीच्या बाया, सकाळपासून अंधार पडेपर्यंत बांधीतल्या चिखलात, कमरेत वाकून. उभे राहण्याचे काम आणि बसण्याचे काम यांची वाटणी या देशात कोणत्या नियमाने झाली हे या लेखाच्या वाचकांना सांगायला नको.

त्यात बाई पाय दाखवत नाही. साडी घोट्यापर्यंत असते, दुखणे साडीखाली झाकले जाते. मी पाहिलेल्या बहुतेक जणी डॉक्टरकडे गेल्या त्या जखम झाल्यावरच. तोवर हळद, तेल, आणि कोणीतरी सांगितलेला चुना.

पवनी तालुक्यातल्या एका मावशीने यंदा मला एक कागद आणून दाखवला. वय पन्नाशीचे, दोन्ही पायांच्या नसा फुगलेल्या, डाव्या घोट्यावर एक जखम भरून परत उघडलेली. नागपूरच्या एका मोठ्या रुग्णालयात तिला सांगण्यात आले की एका अभ्यासात नाव घातले तर उपचार फुकट होतील. "ताई, आपरेशन फुकट हाये मनतेत, पन कागद लय मोठा हाये," ती म्हणाली. मुलगा म्हणत होता, सही करून टाक. वस्तीतली आपली पोरे म्हणत होती, अजिबात करू नको, तुझ्यावर प्रयोग करतील. दोन्ही बाजू अगदी ठाम होत्या. कागद मात्र कोणीच वाचला नव्हता.

आम्ही तो दोन संध्याकाळी बसून वाचला. त्यात काही भयंकर नव्हते. एका गटाला लेझरने शीर आतून बंद करायची, दुसऱ्या गटाला औषधाचा फेस टोचून बंद करायची. कोण कोणत्या गटात हे संगणक चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवणार. डॉक्टर ठरवणार नाही, मावशीही ठरवणार नाही. मग आठवड्याने, तीन महिन्यांनी, वर्षाने बोलावून डॉपलर तपासणी करायची, पायाचे फोटो काढायचे. धोके लिहिले होते: कातडी भाजणे, पोटरीला बधिरपणा, डाग राहणे, खोल शिरेत गुठळी होणे, आणि काही वर्षांनी नसा परत फुगणे. शेवटी शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसदाराचे नाव. वारसदाराचा रकाना पाहून मावशी घाबरली. तो रकाना कायद्याने ठेवलेला आहे, अभ्यासामुळे मृत्यू झालाच तर भरपाई कोणाला द्यायची यासाठी, हे तिला रुग्णालयात कोणी सांगितले नव्हते. खरे तर तो रकाना तिच्या बाजूचा आहे.

आता चिठ्ठी टाकणे म्हणजे फसवणूक, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. तसे नाही. दोन उपचारांपैकी चांगला कोणता हे खरोखर माहीत नसेल तर चिठ्ठीशिवाय प्रामाणिक तुलना होत नाही. डॉक्टरवर सोडले तर तो धडधाकट रुग्ण आपल्या आवडत्या उपचाराला पाठवणार आणि मग तो उपचार श्रेष्ठ असल्याचे सिद्ध करणार. ब्रिटनमध्ये याच आजारावर 'क्लास' नावाचा अभ्यास झाला. ११ केंद्रे, ७९८ रुग्ण. लेझर, फेस आणि जुनी शस्त्रक्रिया यांची तुलना. पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले: लेझर आणि शस्त्रक्रिया झालेल्यांचे पाय फेस घेतलेल्यांपेक्षा बरे होते. 'एव्हरा' नावाचा दुसरा अभ्यास २०१८ चा. शिरांमुळे पायाला जखम झालेले ४५० रुग्ण. जखम भरायची वाट बघत पट्ट्या बांधत राहण्याऐवजी सुरुवातीलाच शीर बंद केली तर जखम ८२ ऐवजी ५६ दिवसांत भरते, असे दिसले. ही माहिती आपल्या मावशीच्या कामाची आहे. ब्रिटनमधल्या त्या साडेचारशे लोकांनी सह्या केल्या नसत्या तर ती कोणालाच मिळाली नसती.

पण माझा खरा मुद्दा इथून सुरू होतो. त्या साडेचारशे लोकांनी सही केली नसती तरी त्यांना तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत फुकट उपचार मिळालेच असते. नाही म्हटले तरी दार उघडे होते. मावशीने नाही म्हटले तर तिच्यासमोर काय आहे? खाजगीत लेझरचा खर्च तिच्या कित्येक हंगामांच्या रोवणीच्या मजुरीएवढा. नाहीतर घट्ट इलॅस्टिकचे मोजे, जे चिखलात घालून रोवणी करता येत नाही. नाहीतर हळद. दोघांनी भरलेला कागद सारखा, सहीची जागा सारखी, कायद्याच्या नजरेत दोन्ही संमती स्वेच्छेच्या. समाजशास्त्र शिकलेल्या माणसाने तरी त्यांना सारखे म्हणू नये. ज्याच्यापुढे दोन दारे आहेत त्याची निवड ही निवड असते. एकच दार असलेल्याने त्या दारातून जाणे याला आपण संमती म्हणतो, कारण दुसरा शब्द सापडत नाही.

म्हणजे शोषण चाचणीच्या खोलीत सुरू होत नाही. ते त्याआधीच, दवाखान्याबाहेर झालेले असते. चाचणी फक्त त्यावर उभी राहते.

याचे सर्वात बोलके उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. उस्मानाबाद, आजचा धाराशिव जिल्हा. तिथे १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक प्रचंड अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी ग्रामीण बाया, चार गट. तीन गटांत तीन वेगवेगळ्या पद्धतींनी तपासणी झाली. चौथ्या गटातल्या ३१,४८८ जणींची तपासणी अभ्यासातर्फे झाली नाही. त्यांना मिळत होती ती 'नेहमीची सेवा'. निष्कर्ष २००९ मध्ये आले. एचपीव्ही तपासणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू, विनातपासणीच्या गटात ६४. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू जवळपास निम्मे होतात हे जगाला त्या बायांनी शिकवले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्येही असाच दीड लाख बायांचा अभ्यास झाला, त्यातही निम्म्या जणी विनातपासणीच्या गटात होत्या.

यावर मोठा वाद झाला. तपासणी उपयोगी आहे हे जगाला आधीच माहीत असताना हजारो बाया तपासणीविना ठेवणे योग्य होते का? संशोधकांचे उत्तर लक्षात ठेवण्यासारखे आहे. भारतात अशी राष्ट्रीय तपासणी योजनाच नव्हती, त्यामुळे तपासणी नसणे हीच इथली नेहमीची सेवा होती. या उत्तरात खोटे काहीच नाही, आणि म्हणूनच ते भीषण आहे. सरकारने तुमच्यासाठी काहीच केलेले नसेल तर संशोधनातही तुम्हाला काहीच न देणे नैतिक ठरते. उपेक्षा हाच मोजमापाचा शून्य धरला जातो. उद्या कोणी भंडाऱ्यात पायाच्या जखमेवर चाचणी घेतली आणि एका गटाला 'नेहमीचे उपचार' ठेवले, तर ते नेहमीचे उपचार म्हणजे काय? गॉझ, पट्टी आणि पुढच्या महिन्याची तारीख?

म्हणून चाचणीचा कागद समोर आला की आपल्या कार्यकर्त्याने पहिला प्रश्न हा विचारला पाहिजे: हाच उपचार चाचणीबाहेर या बाईला मिळू शकतो का? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत, शासकीय रुग्णालयात, कुठेही. मिळत असेल तर आधी तिथे चौकशी करायची, आणि मग चाचणीचा विचार मोकळ्या मनाने करायचा. मिळत नसेल तर ती तक्रार रुग्णालयाविरुद्ध नाही, सरकारविरुद्ध आहे, आणि ती वेगळी लढायची आहे. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बोलताना बाबासाहेबांनी हेच सूत्र मांडले होते: बाईच्या विश्रांतीचा भार बराचसा सरकारने उचलला पाहिजे, कारण लोकांच्या कल्याणाची राखण ही मुळात सरकारची जबाबदारी आहे. गिरणीत काम करणाऱ्या बाईच्या पोटाला लागू होते ते बांधीत उभ्या असलेल्या बाईच्या पायाला लागू होत नाही का?

आता इतिहासाबद्दल, कारण संशय घेणारे मूर्ख नाहीत.

२००९ मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत सुमारे २४ हजार मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प चालला. 'पाथ' ही अमेरिकी संस्था आणि आपली आयसीएमआर त्यात होती. खम्मममध्ये अनेक मुली आश्रमशाळांच्या वसतिगृहांतल्या होत्या, आदिवासी, दलित. त्यांच्या संमतीच्या कागदांवर आईबापांऐवजी वसतिगृह अधीक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या सह्या निघाल्या. एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला, २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक अहवाल दिला. सात मुलींचे मृत्यू झाले होते. ते लशीमुळे झाले नाहीत असे चौकशीत सांगण्यात आले. मी स्वतः ही लस मुलींना द्यावी या मताची आहे. लस वाईट नव्हती, सही वाईट होती. हे दोन वेगळे गुन्हे आपण एकत्र करतो आणि मग आपल्याच मुली लशीला मुकतात.

इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तेव्हा सरकारनेच सांगितले की २००५ ते २०१२ या काळात नव्या औषधांच्या चाचण्यांदरम्यान २,६४४ लोक दगावले. हा आकडा आपल्या भाषणांमध्ये फार फिरतो. पुढचे वाक्य कोणी सांगत नाही: त्यातले ८० मृत्यू चाचणीमुळे झाल्याचे ठरवण्यात आले. कर्करोगासारख्या आजारांच्या चाचण्यांत रुग्ण आजारानेही दगावतात, हे मान्य करावे लागते. मान्य केल्यावर खरा प्रश्न विचारता येतो. ८० हा आकडा ठरवला कोणी? ज्यांनी चाचणी घेतली त्यांनी पाठवलेल्या कागदांवरूनच ना? २,६४४ लोकांना मारले असे ओरडणाऱ्याला समोरचा डॉक्टर एका मिनिटात गप्प करतो. ८० कसे ठरले असे विचारणाऱ्याला गप्प करणे अवघड जाते.

त्या याचिकेतून बरेच काही मिळाले. २०१३ मध्ये भरपाईचे नियम आले, आणि पुढे सगळे एकत्र करून मार्च २०१९ मध्ये 'नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियम' लागू झाले. ते आपल्या कार्यकर्त्यांनी ॲट्रॉसिटी कायद्याइतकेच वाचले पाहिजेत असे माझे म्हणणे आहे, आणि यावर मित्र हसतात. चाचणीमुळे इजा झाली तर फुकट उपचार हा हक्क आहे. मृत्यू झाला तर ८ लाख मूळ रक्कम धरून वय आणि धोक्याच्या प्रमाणानुसार भरपाई ठरते. गंभीर त्रास झाला तर डॉक्टरने २४ तासांत कळवायचे असते. माहितीपत्रक रुग्णाला समजणाऱ्या भाषेत हवे, त्याची प्रत रुग्णाला द्यायलाच हवी. वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेला त्रयस्थ साक्षीदार समोर बसला पाहिजे आणि त्याने सही केली पाहिजे. कधीही, कारण न देता, बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. तो साक्षीदार कोण असतो? बहुतेक वेळा वॉर्डातला कोणीतरी. तिथे आपला कार्यकर्ता का बसू नये?

एक पोटभेद ध्यानात ठेवा. कंपनीच्या नव्या औषधाची चाचणी वेगळी आणि वैद्यकीय महाविद्यालयातला एम.एस.चा विद्यार्थी प्रबंधासाठी दोन प्रचलित उपचारांची तुलना करतो ती वेगळी. दुसऱ्या प्रकाराला दिल्लीची परवानगी लागत नाही, संस्थेच्या नीतिमत्ता समितीची पुरते. पायाच्या नसांसारख्या आजारात आपली माणसे बहुधा या दुसऱ्या प्रकारातच सापडतात. लेझरचे यंत्र किंवा शीर चिकटवणारा डिंक नवा असेल तर २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागतात. संमती मात्र सगळीकडे तेवढीच लागते. आयुर्वेदातही. जळवा लावण्याचा किंवा काढ्याचा अभ्यास असेल तर 'आपलेच औषध आहे, काय होणार' म्हणून सही करणे हा प्रकार मी पाहिला आहे. औषध कोणत्या शास्त्रातले आहे यावर कागद वाचायचा की नाही हे ठरत नसते. कालामांना तथागतांनी काय सांगितले ते आपण दर बुद्धपौर्णिमेला ऐकतो: परंपरेने आले म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका. पांढऱ्या कोटातला गुरू त्यातून सुटत नाही. आणि व्हॉट्सअॅपवरचा निळा गुरूही सुटत नाही.

आता बहिष्काराची बाजू घेणाऱ्या मित्रांसाठी. अमेरिकेतले टस्कीगी प्रकरण तुम्हाला माहीत असेल. अलाबामा राज्यातल्या सुमारे ६०० गरीब काळ्या पुरुषांना १९३२ पासून निरीक्षणाखाली ठेवले, त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही त्यांना ते दिले नाही, आजार काय करतो हे फक्त पाहत राहिले. चाळीस वर्षे. जुलै १९७२ मध्ये हे उघड झाले. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर जन्माला आली होती.

ज्या ब्लॅक पँथरचे नाव आपण घेतले, ती संघटना त्या सुमारास काय करत होती? मोर्चे तर होतेच. पण वस्त्यांमध्ये मोफत दवाखाने चालवत होती आणि १९७१ पासून सिकलसेलच्या तपासणीची मोहीम राबवत होती. काळ्यांचा आजार म्हणून वैद्यकशास्त्र ज्याकडे बघत नव्हते, त्या आजारावर संशोधन करा अशी त्यांची मागणी होती. प्रयोग बंद करा एवढेच ते म्हणत नव्हते. आमच्या आजाराकडे दुर्लक्ष करणे बंद करा असे म्हणत होते. आपण नाव घेतले, दवाखाना घेतला नाही. विदर्भात, जिथे सिकलसेल आपल्या बौद्ध घराघरांत आणि गोंड घराघरांत आहे, तिथे तर हे फारच लागते.

टस्कीगी उघड होऊन २३ वर्षे झाल्यावर, १९९५ मध्ये, हायड्रॉक्सियुरिया या गोळीच्या चाचणीचे निष्कर्ष आले. अमेरिका-कॅनडातले २९९ सिकलसेल रुग्ण, साहजिकच बहुतेक सगळे काळे. वर्षाला साडेचार वेळा उठणाऱ्या जीवघेण्या कळा अडीचवर आल्या. आज आपली पोरे सरकारी दवाखान्यातून जी गोळी घेतात ती हीच. टस्कीगीनंतरही ज्यांनी सही केली त्यांची ती देणगी आहे. उलट उदाहरणही आहे. व्होक्सेलोटॉर हे सिकलसेलचे नवे औषध २०१९ मध्ये अमेरिकेत घाईने मंजूर झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने जगभरातून मागे घेतले. ज्या अभ्यासांमध्ये मृत्यू अपेक्षेपेक्षा जास्त दिसले त्यातला एक सिकलसेलमुळे होणाऱ्या पायाच्या जखमांवरचा होता आणि त्यातले रुग्ण ब्राझील, केनिया आणि नायजेरियातले होते. चाचणी चालू होती म्हणून धोका कळला, हे खरे. तो कळेपर्यंतची किंमत कोणत्या देशातल्या लोकांनी मोजली, हेही खरे. (जाता जाता: घोट्याजवळची न भरणारी जखम दर वेळी फुगलेल्या नसांचीच असते असे नाही. आपल्या भागात अशा रुग्णाची सिकलसेल तपासणीही करून घ्या, साधी आहे.)

आपल्याही भागाची नोंद आहे. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 'सर्च'ने ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी देऊन आणि ४७ गावांशी तुलना करून जे १९९९ मध्ये दाखवले, त्यावर आज आशाताई बाळंतिणीच्या घरी फेऱ्या मारतात. नागपूर आणि बेळगाव ही दोन केंद्रे ज्यात होती त्या अॅस्पिरिनच्या चाचणीत सहा देशांतल्या ११,९७६ गरोदर बाया होत्या. रोजच्या छोट्या गोळीने वेळेआधीच्या बाळंतपणांचे प्रमाण १३.१ टक्क्यांवरून ११.६ वर आले. या आमच्यासारख्याच खेड्यांतल्या बाया होत्या. त्यांना उंदीर म्हणणे हा त्यांचा अपमान आहे असे मला वाटते. त्यांनी कागद समजून घेऊन सही केली असेल तर त्या संशोधनाच्या भागीदार आहेत. समजून न घेता केली असेल तर अपराध समजावून न सांगणाऱ्याचा आहे.

मावशीच्या कागदात एक गोष्ट नव्हती आणि ती कोणत्याच कागदात नसते. उत्पन्न विचारतात, व्यवसाय विचारतात, शिक्षण विचारतात. जात विचारत नाहीत. वरवर बरेच वाटते. पण मग देशभरातल्या चाचण्यांमध्ये कोणत्या समाजाचे किती लोक धोका पत्करतात आणि त्यातून आलेले महागडे उपचार कोणत्या समाजापर्यंत पोहोचतात, हे मोजणार कसे? अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने सरकारी पैशावरच्या संशोधनात स्त्रिया आणि अल्पसंख्याकांचा समावेश बंधनकारक झाला, त्यामुळे तिथे निदान मोजता येते. माझे काही सहकारी म्हणतात की रुग्णालयाच्या हातात जात देणे धोक्याचे आहे. त्यांचे म्हणणे मी उडवून लावत नाही; आडनाव वाचून वागणूक बदलणारे टेबल मी पाहिले आहे. पण नाव वेगळे ठेवून सामाजिक गटाची नोंद करणे आणि निष्कर्षांसोबत ती एकत्रित छापणे अशक्य नाही. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचितांना विशेष संरक्षण द्यायला सांगतात. ज्यांची नोंदच नाही त्यांना संरक्षण दिले की नाही हे कळणार कसे? ही मागणी आपल्या चळवळीने करायला हवी, कारण दुसरे कोणी करणार नाही.

मावशीबरोबर मी रुग्णालयात गेले. आम्ही पाच-सहा प्रश्न लिहून नेले होते. फेस टोचून जमले नाही तर पुढचा उपचार कोणाच्या खर्चाने? तपासणीच्या तारखा रोवणी आणि कापणीत आल्या तर? जाण्यायेण्याचा खर्च मिळेल, बुडालेली मजुरी मिळेल का? (मार्गदर्शक तत्त्वे प्रवासखर्च आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई देऊ देतात, फक्त पैशाचे आमिष नको म्हणतात.) पायाच्या फोटोत चेहरा येणार का? समितीचा फोन नंबर कागदावर आहे, तो उचलतात का? डॉक्टर तरुण होता, आधी वैतागला, मग खुर्ची ओढून बसला. काही उत्तरे त्याच्याकडे होती, काहींसाठी त्याला वरिष्ठांकडे जावे लागले. मजुरीचे उत्तर आले नाही. तपासणीची एक तारीख मात्र पुढे ढकलून मिळाली, रोवणी संपल्यानंतरची. मावशीने नाव घातले. तिच्या जागी मी असते तर घातले असते की नाही, मला सांगता येत नाही. पण निर्णय तिचा होता, मुलाचा नव्हता आणि आपल्या पोरांचाही नव्हता.

आता भंडाऱ्याकडे. २०२४ मध्ये इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ज्या शहरातल्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या आगीत दहा नवजात बाळे गेली, तिथे डॉक्टर तयार होणार, ही चांगली गोष्ट आहे. महाविद्यालय आले की आज ना उद्या पदव्युत्तर शिक्षण येते, त्याबरोबर प्रबंध आणि चाचण्या येतात, आणि नीतिमत्ता समिती लागते. नियमाप्रमाणे या समितीत किमान सात सदस्य हवेत. निम्मे तरी संस्थेबाहेरचे. अध्यक्ष बाहेरचा. एक कायदेतज्ज्ञ, एक स्त्री, एक सर्वसामान्य नागरिक, आणि एक समाजशास्त्रज्ञ किंवा सामाजिक संस्थेचा प्रतिनिधी किंवा तत्सम. या खुर्च्या बहुतेक ठिकाणी कशा भरतात? अधिष्ठात्यांच्या ओळखीचा वकील, रोटरीतला एखादा व्यापारी, निवृत्त प्राचार्य. कोणी कट करून नव्हे. दुसरी नावे पुढेच येत नाहीत म्हणून. विद्यापीठाच्या सिनेटसाठी आपण जीव तोडून लढतो आणि ही समिती अस्तित्वात आहे हेसुद्धा आपल्या कोणत्या बैठकीत कोणी बोलत नाही. चाचणी सुरू होण्याआधी कागदातले मराठी मावशीला कळेल की नाही, 'नेहमीचे उपचार' म्हणजे काय आणि मजुरीचे काय, हे विचारण्याची जागा तीच आहे. सही झाल्यावर विचारायला उशीर झालेला असतो.

आपल्या जिल्ह्यात वकील आहेत, समाजकार्य आणि समाजशास्त्र शिकलेल्या मुली आहेत, बचत गट चालवणाऱ्या बाया आहेत ज्या बँकेच्या मॅनेजरला कागद परत लिहायला लावतात. अशी पाच-सहा नावे काढून महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांना आत्ताच पत्र द्यायचे, समिती स्थापन होईल तेव्हा यांचा विचार करा म्हणून, आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. मसुदा तयार आहे. तुमसर, साकोली, लाखांदूरच्या मित्रांनी नावे कळवावीत. संघटनांच्या सह्या हव्या आहेत. करणाऱ्यांनी आधी तो वाचून घ्यावा.